गुरांत नवीन आहेस तर आधी गमबूट घे
अरे म्हैस घेतलीस ते झकास, पण पावसात गोठ्यात अनवाणी उतरू नको बाबा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाचा तापाचा आजार, उंदरांच्या आणि गुरांच्याही मुतातून चिखलात येतो नि पायाच्या भेगेतून आत शिरतो, ताप यायला कधी 2 दिवस कधी 3-4 आठवडे, मी तर साधा ताप म्हणून पेजेवर चार दिवस काढले, पोटऱ्या एवढ्या ठणकत होत्या की पडवीची पायरी चढवेना, डोळे लालभडक. ताप आला तर डॉक्टरला पहिलं हेच सांग, गुरांत काम करतो म्हणून. आणि म्हैस व्यायली की वार, म्हणजे पारडामागून पडणारी पिशवी, उघड्या हाताने ओढू नको, ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा तापाचा रोग होऊ शकतो, जनावरांच्या डॉक्टरला बोलव. जनावराच्या मागून गुपचूप पण जाऊ नको हां, आधी हाक मार, आमच्या तांबूचा अजून माझ्यावरच भरवसा नाय.