इंदूरमध्ये गच्चीवरच्या लहान जपानी मेपलची पानं मे महिन्यात कडांनी तपकिरी होताहेत. कीड आहे की ऊन?

टोकं आणि कडा आधी करपल्या असतील आणि शिरांजवळ पान हिरवं असेल, तर ती कीड नाही, बहुतेक उन्हाच्या झळा आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. मेपलचं पातळ पान जितकं पाणी गमावतं तितकं कुंडीतली मुळं पुरवू शकत नाहीत, म्हणून सगळ्यात लांबची कड आधी वाळते. किडीची खूण वेगळी. फांदीखाली पांढरा कागद धरा आणि टिचकी मारा. सुईच्या टोकाएवढे ठिपके कागदावर चालू लागले तर ती लाल कोळी ही कीड. मग पानावर बारीक फिकट टिपके आणि खालून जाळीही दिसेल. तसं असेल तर काही दिवस पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा. कडुनिंबाचं तेल मारायचंच तर संध्याकाळी, भर उन्हात त्यानंच पान भाजतं. झळांसाठी कुंडी फक्त सकाळचं ऊन येईल तिथे हलवा. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, नव्या पालवीवर लक्ष ठेवा. मात्र आधी मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा: चिकट ओल आणि कुजका वास आला तर मुळं सडताहेत. तेव्हाही कडा अशाच वाळतात, आणि अजून पाणी घातलंत तर झाड हातचं जाईल.