देकासेगी म्हणजे निर्वासित नव्हे

प्रश्न असा आला आहे: शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्य, ऑरेगन, ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूडतोडीच्या छावण्यांत राबलेल्या जपान्यांसाठी 'देकासेगी' हा शब्द येतो. एका लेखात त्याचं 'निर्वासित मजूर' केलंय, ते बरोबर का? आणि 'इस्सेई' म्हणजे काय?

इस्सेई म्हणजे परदेशी गेलेली पहिली पिढी, एवढं पुरे. 'निर्वासित' मात्र साफ चूक. त्यात 'वस्' धातू आहे, तोही प्रयोजक: राहत्या जागेतून ज्याला हुसकून लावलं तो. हिरोशिमा, यामागुची, वाकायामाकडची ही शेतकऱ्यांची पोरं कुणी हुसकलेली नव्हती. चार वर्षं राबायचं, पैसा गाठीला बांधायचा आणि परतायचं, असं ठरवून बहुतेक निघालेले. हल्ली घर सोडलेल्या कुणालाही निर्वासित म्हणतात, ते वाचून जीव कातावतो.

'दे' म्हणजे बाहेर पडणं, 'कासेगी' म्हणजे कमाई. खरी गंमत अक्षरात आहे. 'कासेगी' ज्या चिनी अक्षराने लिहितात, त्यात डावीकडे धान्याचं रोप, उजवीकडे घर. चिनीत त्याचा जुना अर्थ पेरणी, पीक. जपानात तेच कमाईला लागलं. आपली 'कमाई' 'कर्म'वरून, प्राकृत 'कम्म'मधून आली. आपण कामातून पैशाकडे आलो, त्यांचं अक्षर शेतातून. जाणकार सांगतील की उजवीकडचं घर नुसतं उच्चार दाखवण्यापुरतं. व्युत्पत्तीत असेल! पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते घरच दिसतं. सॉ मिलमध्ये ओल्या फळ्या उचलून आलेला माणूस रात्री गावी पत्र लिहिताना हे अक्षर काढत असेल, तेव्हा त्याला स्वतःची भातखाचरं आठवत असणार, असं मी धरून चालतो.

'स्थलांतरित कामगार' सुचवणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. तो सरकारी तक्त्यातला शब्द, त्यात परतीची ओढ नाही. 'चाकरमानी' जवळ येतो, पण त्याला मुंबई आणि कोकण चिकटलेत. आपल्या दुष्काळी भागात म्हणतात, 'जगायला गेलेत.' देकासेगी म्हणजे जगायला गेलेले.

'निर्वासित' एका ठिकाणी मात्र चालेल. जुलै १९२५मध्ये ऑरेगनमधल्या टोलेडो गावात जमावाने सॉ मिलच्या जपानी मजुरांना बळजबरीने गावाबाहेर काढलं. ते कोर्टात गेले आणि १९२६मध्ये जिंकले. जमावाने काढलं त्या दिवशी ते निर्वासित होते, धातूच्या अर्थानेच.