शंभर वर्षांचं लाकडी घर, पण नक्षी नाही. मग वारसा कसला?

प्रश्न: आमचं लाकडी घर साधारण १९१० चं आहे. इथे कोणी मोठं माणूस राहिलेलं नाही, नक्षीकामही बेताचंच. घरातले म्हणतायत जुन्या खिडक्या काढून नवीन बसवू आणि मागची नंतर जोडलेली पडवी पाडून घर परत ओरिजिनल करू. अशा साध्या घराला खरंच हेरिटेज व्हॅल्यू असते का?

उत्तर: असते हो! पण ती नक्षीत शोधू नका. रात्री दिवे घालवा, टॉर्च तुळईला, खिडकीच्या चौकटीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि बघा. कमानीसारख्या गोल रेषा दिसल्या तर ते लाकूड गोल पात्याच्या मशीनवर कापलंय, आणि हलक्या लाटा दिसल्या, बोटालाही लागल्या, तर तिथे हाताने रंधा मारलाय. त्या काळातल्या बऱ्याच घरांत हे दोन्ही शेजारी शेजारी सापडतं, कारण लाकूड मिलमधून कापून यायचं पण सांधे सुतार हातानेच जुळवायचा, आणि हाच पुरावा नवीन खिडकी बसवली की कायमचा जातो. जपानमधल्या नारा इथे १९९४ साली वारसा जपण्याबद्दल जो दस्तऐवज झाला त्यातही अस्सलपणा ठरवताना नुसतं रूप नाही तर साहित्य, कारागिरी, वापर, परिसर सगळं बघा असंच म्हटलंय.

खिडक्या बहुतेक वेळा खालूनच कुजतात, जिथे पाणी साचतं तिथे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो, म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते बंद करा, मग कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा तुकडा रेषा जुळवून सांधा. आणि त्या तुकड्यावर आतल्या बाजूला वर्ष कोरून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला जुनं कोणतं नवं कोणतं ते कळेल. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, आधी तपासून घ्या.

पडवीचं म्हणाल तर मला ती पाडणं अजिबात पटत नाही. १९६४ चा व्हेनिस चार्टर, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपायच्या याची आंतरराष्ट्रीय सनद, सांगतो की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली योग्य भर मानायची, सगळं एकाच शैलीत आणणं हा उद्देशच नाही. घरात माणसं वाढली असतील, जागा लागली असेल, म्हणून कुणीतरी ती बांधली ना? तिच्या खांबांवरही टॉर्च मारून बघा, आणि कुणी हातोडा उचलायच्या आधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढून ठेवा.