कॅमेरा ड्रोन चांगला येतो, आता एफपीव्ही, म्हणजे गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र बघत उडवणं, शिकायचंय. सिम्युलेटर लागतो का, की थेट पाच इंची (पाच इंची पंख्यांचा ड्रोन) घेऊन शेतात शिकू? गावाकडं मोकळं रान आहे, पडला तर मातीतच पडेल. गॉगल कोणता घ्यावा?

सिम्युलेटर लागतोच. "गावाकडं मोकळं रान आहे, पडला तर मातीतच पडेल" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. माझा आतेभाऊ आमच्या बांधावर उभा राहून हेच म्हणाला होता.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, म्हणजे चहूकडे ऊस. दादा लग्नांची शूटिंग करतो आणि कॅमेरा ड्रोनवर त्याचा हात खरंच बसलेला आहे. त्याने पाच इंची क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) बांधून घेतला आणि दिवाळीला गावी घेऊन आला. मी म्हटलं, "दादा, आधी रिमोट लॅपटॉपला जोड, थोडे दिवस सिम्युलेटरवर बस." तो म्हणाला, "अरे, गेम खेळून कुणी पायलट होत नसतं." मी तेव्हा पासष्ट मिलिमीटरचा व्हूप, म्हणजे तळहाताएवढा ड्रोन, सोप्यातून माजघरात आणि तिथून परसात काढायचो. त्याच्या लेखी ते पोरांचं खेळणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो. दादाने गॉगल चढवला, आर्म केलं म्हणजे मोटारी सुरू केल्या, क्वाड सरळ वर गेला. मग पुढे झुकला. वेग जरा जास्त वाटला तसा त्याने उजवा अंगठा सोडला. कॅमेरा ड्रोनवर हीच सवय कामाला येते: स्टिक सोडली की जीपीएसच्या जोरावर ड्रोन जागच्या जागी थांबतो. एफपीव्ही मात्र ॲक्रो मोडमध्ये उडवतात, त्यात स्टिक फक्त गिरकीचा वेग सांगते. स्टिक मध्यावर आली की गिरकी थांबते, पण झुकाव आहे तसाच राहतो आणि क्वाड त्याच कोनात पळत सुटतो. त्यात थ्रॉटलच्या (मोटारींचा जोर ठरवणाऱ्या) स्टिकला स्प्रिंग नसते, ती जिथे सोडाल तिथेच राहते. दादाने घाबरून थ्रॉटल खाली ओढला आणि क्वाड शेजाऱ्यांच्या उसात गेला. शिवाय मोटारी तशाच गुरगुरत होत्या, कारण मोटारी बंद करणाऱ्या डिसार्मच्या स्विचवर बोटच नव्हतं. मी हात घालून तो स्विच पाडला.

तोडीला आलेल्या उसात शिरलेल्याला माहीत असतं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही आणि पात गाल, मान, मनगट सगळं कापत जाते. दादा सरळ आत घुसायला निघाला होता. मी त्याला थांबवून गॉगलमधलं रेकॉर्डिंग मागे नेलं. शेवटच्या दृश्यात डावीकडे विहिरीवरचा विजेचा डीपी दिसत होता आणि समोर उसाचे शेंडे. तेवढ्यावरून कोणत्या सरीने आत जायचं ते ठरलं. बॅटरी निघालेली नव्हती, त्यामुळे व्हिडिओ अजून येत होता. ॲनालॉग गॉगलवर चपटा पॅच अँटेना होता, तो समोरच्या दिशेचाच सिग्नल जास्त पकडतो. हळूहळू फिरत गेलो की एका दिशेला पडद्यावरच्या मुंग्या कमी होऊन हिरवा धूसर पट्टा दिसायचा. पाचपन्नास पावलं गेल्यावर बीपरचा स्विच दाबला आणि मोटारींची बारीक पीं पीं ऐकू आली.

क्वाडच्या सांगाड्याचा एक दांडा मोडला होता. पण मला काळजी होती बॅटरीची. ती एका कोपऱ्यात चेपली होती आणि हाताला गरम लागत होती. खाली गुडघाभर वाळलेलं पाचट. चेपलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पेटायला कधी काही मिनिटं लागतात, कधी तास, आणि पाचटाला ठिणगी पुरते. मी ती काढून आधी पाटाच्या उघड्या मातीत नेऊन ठेवली, नंतर क्वाड बाहेर काढला. "मातीतच पडेल" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपल्याकडे दिवाळीपासून पुढे रानात माती कमी आणि वाळलेलं जास्त असतं. रान आपलं असलं तरी बांधापलीकडचं पीक दुसऱ्याचं असतं.

घरी आल्यावर दादाने सगळ्यांना सांगितलं, वारा होता. आजही विषय निघाला की वाराच. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. उसाचे तुरे त्यात हललेले नाहीत आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात मोड स्पष्ट लिहिलेला आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे. कॅमेरा ड्रोन येणं हे एफपीव्हीत अर्धं शिक्षण नाही, उलट आधी मोडायची सवय आहे. ती सिम्युलेटरवरच मोडते, कारण तिथे शंभरदा आपटलं तरी काही जात नाही. वेलोसीड्रोन घ्या किंवा लिफ्टऑफ घ्या, पाच इंचीच्या एका चांगल्या बॅटरीपेक्षा महाग नाही. पण कीबोर्डवर खेळायचं नाही. जो रेडिओ (रिमोट) पुढे वापरणार तोच आधी विकत घ्या, ईएलआरएस या रेडिओ प्रणालीचा, आणि यूएसबीने जोडा. स्टिक सोडली की क्वाड आपोआप सपाट होतो तो अँगल मोड वापरू नका. कॅमेऱ्याचा तिरपेपणा सुरुवातीला पंधरा-वीस अंशांवर ठेवा. एक झाड पकडा आणि उंची न बदलता त्याला दोन्ही बाजूंनी फेरे घाला. बहुतेकांचा एका बाजूचा फेरा कच्चा राहतो. आपटलात की पहिलं काम डिसार्म, प्रत्येक वेळी, सिम्युलेटरवरसुद्धा. किती तास बसलात ते मोजू नका. विचार करायच्या आत बोटं वळायला लागली की झालं.

त्यानंतर व्हूप. पंख्यांभोवती कडं असतं, वजन बॅटरीसकट पन्नास ग्रॅमच्या आत, भिंतीवर आदळला तरी पुन्हा उडतो. उड्डाण तीन-चार मिनिटांचं, म्हणून एक-सेलच्या बॅटऱ्या जास्त घ्या. पाच इंची सगळ्यात शेवटी. तो बॅटरीसकट सहा-सातशे ग्रॅमचा असतो आणि ताशी शंभर किलोमीटरच्या सहज वर जातो. अंगावर आला तर हाड मोडतं.

गॉगलचं म्हणाल तर व्हूपसाठी साधा ॲनालॉग पुरे, फक्त रेकॉर्डिंग होणारा घ्या. डिजिटलचं चित्र फार सुंदर असतं, पण तो निर्णय व्हूपनंतरचा. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे पाच इंचीपर्यंत सोल्डरिंग शिकावंच लागेल. पहिल्यांदा वीज देताना स्मोक स्टॉपर (जोडणी चुकली असेल तर वीज तोडणारा) लावा, पंखे काढून ठेवा, आणि व्हिडिओ ट्रान्समीटरला अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका.

एक सांगायचं राहिलं. ज्यांना संगणक परवडत नाही त्यांनी घरात व्हूपवरच ॲक्रो शिकावं, वेळ जास्त लागेल, पण येतं. आणि कायदा. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंतचा मायक्रो. पाच इंची मायक्रोत मोडतो. धंद्यासाठी नसेल तर मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी करा आणि उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघा. त्या नकाशावरच्या हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) झोनमध्येही मर्यादा 400 फुटांची आहे. पुण्याजवळ असाल तर लोहगाव आणि एनडीएचा परिसर सोडा. मुंबईत पोलिसांचे बंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. संरक्षित गडांवर परवानगीशिवाय नेऊ नका. गॉगल घातला की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर लक्ष ठेवणारा एक माणूस हवाच, आणि त्याने "उतरव" म्हटलं की उतरवायचं.