एलबी आणि एलबीएफ: हा बत्तीस पटींचा फरक येतो कुठून

निपाणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. जुना इंग्लिश हायड्रॉलिक प्रेस घेतलाय. मॅन्युअलमध्ये १०० फॅरनहाइटला तेलाची डायनॅमिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा घट्टपणा, ०.०४४ एलबी प्रति फूट-सेकंद दिली आहे. एका कन्व्हर्टरवर ६५.५ सेंटिपॉइज (त्याच घट्टपणाचं मेट्रिक एकक) आलं, दुसऱ्यावर २,१०७. खरं कुठलं?

६५.५ धरा. पण हे नुसतं ऐकून सोडू नका, कारण पुढच्या मशीनला हीच अडचण परत येणार.

२,१०७ ला ६५.५ ने भागून बघा, ३२.१७ येईल. इंग्लिश पद्धतीत गुरुत्वाकर्षणाचा आकडा ३२.१७४ फूट प्रति सेकंद वर्ग, तोच हा. म्हणजे कन्व्हर्टर दोन्ही बरोबर होते. दुसऱ्यावर तुम्ही यादीतलं एलबीएफ-सेकंद प्रति चौरस फूट निवडलंत. एलबी म्हणजे वस्तुमानाचा पौंड. एलबीएफ म्हणजे जोराचा पौंड, तेवढ्या वस्तुमानाला पृथ्वी ज्या जोराने ओढते तो. जुन्या कागदांत हा ‘एफ’ बऱ्याचदा छापलेलाच नसतो आणि माणूस तिथेच फसतो. ओळखायची खूण एकच: सेकंद कुठे आहे ते बघा. फूट आणि सेकंद दोन्ही खाली असतील तर पौंड वस्तुमानाचा. सेकंद वर आणि खाली चौरस फूट किंवा चौरस इंच असेल तर पौंड जोराचा, मग ‘एफ’ असो वा नसो.

आकडे पाठ करण्यापेक्षा एकदा कागदावर काढा. पौंड ०.४५३५९ किलो, फूट ०.३०४८ मीटर. भागाकार १.४८८१६, तेवढे पास्कल-सेकंद. पास्कल-सेकंदाचे १,००० सेंटिपॉइज, म्हणून १,४८८. त्याला ०.०४४ ने गुणलं की ६५.५. जोराच्या पौंडाला ४.४४८ न्यूटन भागिले ०.०९२९ चौरस मीटर, म्हणजे ४७.८८ पास्कल-सेकंद, अर्थात ४७,८८० सेंटिपॉइज.

बेअरिंगच्या जुन्या तक्त्यांत ‘रेन’ नावाचं एकक भेटतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्या नावावरून आलेलं. ते म्हणजे सरळ पीएसआय-सेकंद; पीएसआय म्हणजे चौरस इंचावर एक पौंड जोर. हायड्रॉलिकवाल्यांना १ पीएसआय म्हणजे ६,८९५ पास्कल हे माहीत असतंच, मग १ रेन म्हणजे ६,८९५ पास्कल-सेकंद. एवढं मोठं एकक कुणी वापरत नाही, म्हणून मायक्रोरेन: एकाचे ६.८९५ सेंटिपॉइज. तुमचं तेल साधारण साडेनऊ मायक्रोरेनचं. साखर कारखान्यातल्या मंडळींना एलबी प्रति फूट-तास दिसेल, तिथे १ सेंटिपॉइज म्हणजे २.४२.

मेट्रिकमध्येही बेसावध राहू नका. पॉइज आणि पास्कल-सेकंद यांत दहा पटींचा फरक आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत असताना एका सप्लायरच्या शीटवर वाळू बांधणाऱ्या रेझिनच्या व्हिस्कॉसिटीचा आकडा ०.२ होता, एकक पुसट छापलेलं. आम्ही पॉइज धरलं, म्हणजे २० सेंटिपॉइज. मोजलं तर २०० भरलं. रेझिन घट्ट झालंय असं समजून पातळ केलं आणि दोन दिवस कोर (साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे) हातात घेतले की कडा भुगा होऊन पडायच्या. शीट पास्कल-सेकंदातली होती, रेझिन जसं हवं तसंच होतं. तेव्हापासून एकक वाचता येत नसेल तर मी आधी फोन करतो, गणित नंतर.

आणि आकडा आला की तो डोळ्यांसमोर आणायचा. पाणी २० अंशांना १ सेंटिपॉइज. शेंगतेल घरातल्या तापमानाला साठ-सत्तरच्या घरात. एरंडेल २५ अंशांना साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे ६५.५ हे शेंगतेलागत, स्क्रूड्रायव्हर बुडवून वर काढला तर धार लगेच तुटून थेंब पडणारं. २,१०७ म्हणजे एरंडेलाच्या तिप्पट. काकवीगत तेल प्रेसच्या पंपात कोण घालेल? पंप ते ओढणारच नाही, कोरडा ओरडत बसेल.

आता दुकानात काय मागायचं? डब्यावरचा व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड) आकडा सेंटिस्टोकमध्ये असतो, तोही ४० सेल्सिअसला. सेंटिस्टोक काढायला सेंटिपॉइजला घनतेने भागायचं. पत्रकात घनता १५ अंशांची असते, समजा ०.८८; ३८ अंशांना ती ०.८६५ च्या आसपास उतरते. ६५.५ भागिले ०.८६५, पावणेशहात्तर सेंटिस्टोक. हे झालं १०० फॅरनहाइटचं, म्हणजे ३७.८ सेल्सिअसचं. फरक दोनच अंशांचा, पण तेवढ्यात असलं तेल दहा-बारा टक्के पातळ होतं, म्हणून ४० ला ते ६८ च्या जवळ येतं. थोडक्यात, व्हीजी ६८. ही पायरी गाळली असती तर पंचाहत्तरचं तेल हुडकत बाजारभर फिरला असता, आणि तसला ग्रेडच नाही. ६८ नंतर थेट १०० येतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, तरी सांगतो. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी शेडमध्ये १५ अंश असतात, तेव्हा हेच व्हीजी ६८ तीनशे सेंटिस्टोकच्या आसपास जातं. पहिली दहा मिनिटं प्रेस बिनलोड चालवा, टाकीवरचं थर्मामीटर हललं की मगच जॉब लावा. आणि मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो टाका. दोन ओळींखाली पंपाचा किमान व्हिस्कॉसिटीचा आकडाही बहुधा असेल, त्याचं एकक वेगळं असेल तर तोही बसवून देतो.