छोटी बॅटरी दोनदा बदलली, आता म्हणतात कन्व्हर्टर गेला आणि वॉरंटीही संपली

नमस्कार. तुमची अडचण थोडक्यात आधी मांडतो. इलेक्ट्रिक गाडी, वॉरंटी तीन वर्षांची, त्या मुदतीत दोनदा बारा व्होल्टची छोटी बॅटरी बसली म्हणून सर्व्हिस सेंटरने ती बदलून दिली. मग वॉरंटी संपल्यावर थोड्याच दिवसांत मोठी बॅटरी सत्तर टक्के दाखवत असताना चालत्या गाडीत स्क्रीन काळी झाली, स्टिअरिंग जड झालं आणि गाडी बंद. आता ते म्हणतात डीसी-डीसी कन्व्हर्टर गेलाय, तुम्ही बाहेरून डॅशकॅम (रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवला त्यामुळे गेला, खर्च तुमचा, आणि एस्टिमेटवर 'बाहेरील फिटिंगमुळे बिघाड' असं लिहून त्याखाली तुमची सही मागतायत.

ती सही करू नका. गाडी लगेच हवीच असेल तर 'कारण मान्य नाही, हक्क राखून पैसे भरत आहे' असं स्वतःच्या हाताने लिहा, मग सही करा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आता बिघाड नीट समजून घ्या, कारण तुमची अख्खी केस त्यावरच उभी आहे. पेट्रोल गाडीत छोटी बॅटरी अल्टरनेटर चार्ज करतो, इलेक्ट्रिक आणि हायब्रिडमध्ये ते काम हा कन्व्हर्टर करतो, म्हणजे मोठ्या बॅटरीतले शेकडो व्होल्ट साधारण चौदापर्यंत उतरवून छोट्या बॅटरीला आणि दिवे, स्क्रीन, स्टिअरिंग अशा सगळ्याला पुरवतो. तो थांबला की सगळा भार छोट्या बॅटरीवर येतो, ती रिकामी होते, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टरसुद्धा याच बारा व्होल्टवर चालतात म्हणून ते सुटतात. त्यामुळे मोठी बॅटरी सत्तर टक्के दाखवत असताना गाडी मेली यात नवल काही नाही, उलट ते कन्व्हर्टरच्या बिघाडाशी जुळतं.

मुद्दा असा की पहिल्यांदा छोटी बॅटरी बसली तेव्हाच गाडी रेडी करून (म्हणजे चालवायला तयार अशी चालू करून), दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावायला हवा होता. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या आसपास आलं तर कन्व्हर्टर पुरवठा करतोय, बारा येऊन खाली घसरत असेल तर नाही. (काही गाड्या बॅटरी भरली की मुद्दाम व्होल्टेज थोडं कमी करतात, म्हणून एका रीडिंगवर कुणी निकाल देऊ नये.) मग फ्यूज, अर्थिंगची जोडणी, कूलंटचा पंप हे बघायचं, कारण थंडावा नीट मिळाला नाही तरी कन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. हे काही न करता नुसती बॅटरी बदलत राहणं म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या भाषेत सेवेतली त्रुटी, आणि तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा मला हाच वाटतो. तक्रार वॉरंटीत असताना नोंदवली आणि तोच बिघाड आजपर्यंत चालू आहे हे दाखवता आलं तर 'मुदत संपली' हे उत्तर टिकणं अवघड.

डॅशकॅमचं म्हणाल तर तो गाडी उभी असताना रात्रभर करंट खाऊन छोटी बॅटरी रिकामी करू शकतो, हे खरं आहे आणि समोरचा वकील हेच बोलणार. पण चालत्या गाडीत पुरवठा थांबणं ही वेगळी गोष्ट आहे, कन्व्हर्टर हजार वॉटच्या वरचा भार पेलायला बनवलेला असतो आणि डॅशकॅमला जेमतेम काही वॉट लागतात. बाहेरच्या फिटिंगने बिघडलं असं ते म्हणतायत तर ते त्यांनी दाखवायला हवं, नुसतं एस्टिमेटवर लिहून चालत नाही. पहिली बॅटरी डॅशकॅमच्या आधी बदलली असेल तर त्याचं बिल शोधाच, त्या एका तारखेने बरंच काम होईल.

पुरावा आजच मागा, ईमेलवर. सगळी जॉब कार्डं (प्रत्येक भेटीत केलेल्या कामाची नोंद), स्कॅनरचा रिपोर्ट, फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम डेटा, म्हणजे कोड आला त्या क्षणी व्होल्टेज आणि तापमान किती होतं ती नोंद. कोड क्लिअर केले की ही नोंद बहुतेक जाते, म्हणून 'प्रत दिल्याशिवाय कोड पुसू नका' असं स्पष्ट लिहा. कन्व्हर्टर बदलला तर जुना पार्ट परत मागा किंवा सीरियल नंबरच्या लेबलचे फोटो काढून तो जपून ठेवायला सांगा. आणि कृपा करून स्वतः किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तो उघडू नका, मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलमधलं व्होल्टेज जीव घेऊ शकतं आणि वॉरंटीचा वादही तिथेच तुमच्यावर उलटेल.

वॉरंटी बुकलेट पण नीट वाचा. मोठ्या बॅटरीची वॉरंटी बहुधा वेगळी आणि लांब असते, काही कंपन्या त्यात हाय व्होल्टेजचे इतर पार्टही धरतात. कन्व्हर्टर कुठल्या यादीत आहे ते बघा, शब्द मोघम असतील तर अर्थ सहसा ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरोधात लावला जातो.

यानंतर कंपनी आणि डीलर दोघांना नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. दाद नाही मिळाली तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर त्याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तो अर्ज तक्रारीसोबतच द्या. व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅप चॅट लावणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

काही लोक तुम्हाला 'प्रॉडक्ट लायबिलिटी (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) लावा' म्हणतील, पण त्यातल्या हानीच्या व्याख्येत वस्तूचं स्वतःचं झालेलं नुकसान धरलेलं नाही, गाडी बंद पडून कुणाला इजा झाली असती तर ते प्रकरण वेगळं होतं. तसंच नवी गाडीच द्या अशी मागणी मुख्य ठेवू नका. एक पार्ट सदोष असेल तर तो बदलून द्यावा, अख्खी गाडी नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००६ साली मारुती उद्योगच्या केसमध्ये म्हटलंय. कन्व्हर्टर मोफत, भरलेले पैसे व्याजासह परत, गाडी पडून होती त्या काळाचा प्रवासखर्च आणि त्रासाची भरपाई, एवढं मागा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, गाडी स्वतःच्या नावावर आहे की फर्मच्या? फर्मच्या नावावर असेल तर 'वापर व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहकच नाही' हा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल, मग नोटिशीचा मसुदा वेगळा करावा लागेल, तेव्हा आरसी आणि जॉब कार्डं समोर ठेवूनच पुढचं लिहा.