फोर्ट्रानमधलं रिअल(८) दुसऱ्या कंपायलरवर का अडतं?

तुम्ही विचारलंय की जीफोर्ट्रान या कंपायलरवर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सुरळीत चालणारा फोर्ट्रान भाषेतला प्रोग्राम नॅग कंपनीच्या कंपायलरवर 'रिअल(८)', म्हणजे दशांश संख्येचा प्रकार सांगणाऱ्या, ओळीपाशीच एरर का देतो, आणि सगळीकडे सारखी अचूकता हवी तर काय लिहायचं.

तो ८ म्हणजे आठ बाइट्स, असं फोर्ट्रानच्या मानकात कुठेही म्हटलेलं नाही. फोर्ट्रान ९० मध्ये 'काइंड', म्हणजे संख्येचा प्रकार दाखवणारा आकडा, आलं, पण त्याचे आकडे कंपायलर बनवणाऱ्यांवर सोडले गेले. जीफोर्ट्रानने बाइट्सची संख्या घेतली, नॅगने सरळ १, २, ३ धरले. त्यांच्याकडे डबल (दुप्पट अचूकतेचा, साधारण १५ अंकांचा प्रकार; सिंगल म्हणजे साधारण ७ अंकांचा) म्हणजे २. दोघंही नियमाला धरूनच आहेत. 'रिअल*८' बहुतेक ठिकाणी खपून जातं, पण ते कधीच मानकात नव्हतं.

म्हणून बाइट्स सांगू नका, किती अंक हवेत ते सांगा. एका मॉड्यूलमध्ये एकदाच 'डीपी = सिलेक्टेड_रिअल_काइंड(१५, ३०७)' लिहा आणि सगळीकडे 'रिअल(डीपी)' वापरा. याचा अर्थ, निदान १५ दशमान अंक आणि दहाच्या ३०७ व्या घातापर्यंतचा पल्ला. तसा प्रकार नसेल तर उणे आकडा येतो आणि कंपायल तिथेच थांबतं, हे फार चांगलं. २००८ च्या मानकातलं 'रिअल६४' पण चालेल, फक्त ते जागा मोजतं, अंक नाही. जास्त अचूकता हवी असेल तर जपून: १८ अंक मागितले तर इंटेलच्या प्रोसेसरवर जीफोर्ट्रान ८० बिटांचा प्रकार देतं, ६४ बिटांच्या एआरएम लिनक्सवर १२८ बिटांचा. दोन्हीकडे १२८ हवा असेल तर ३३ मागा.

आता खरी मेख. मी एका जुन्या प्रोग्राममधली सगळी डिक्लेरेशन्स (चलांचे प्रकार सांगणाऱ्या ओळी) अशी बदलली, तरी उत्तरं सातव्या दशांश स्थळापासून चुकत होती. दोन दिवस अल्गोरिदमवर संशय घेत बसलो. शेवटी पाय (π) छापून पाहिला: ३.१४१५९२७४१०१२५७३. ओळीत १४ दशांश स्थळं नीट लिहिलेली होती, पण मागे '_डीपी' नव्हतं. प्रत्यय नसलेला स्थिरांक आधी सिंगलमध्ये गोल होतो आणि मग डबलमध्ये जातो. एकदा गेलेले अंक परत येत नाहीत. डबलमध्ये बदलणारं 'डीबीएलई(०.१)' लिहूनही नाही. तेव्हा प्रत्येक दशांश आकड्याला '०.१_डीपी' असा प्रत्यय लावा, कंटाळा आला तरी.

दोन आकड्यांपासून कॉम्प्लेक्स (संमिश्र) संख्या बनवणारं 'सीएमपीएलएक्स(अ, ब)' याहून लबाड. दोन्ही आकडे डबल असले तरी ते सिंगल कॉम्प्लेक्स देतं आणि एररही येत नाही. 'काइंड=डीपी' लिहावंच लागतं. आकडा रिअलमध्ये बदलणाऱ्या 'रिअल(न)' चंही तेच.

एवढं करूनही शेवटचे एक-दोन अंक जुळणार नाहीत. बेरजेचा क्रम ऑप्टिमायझेशन बदलतं, आणि काही प्रोसेसर गुणाकार-बेरीज एकाच फटक्यात करून एकदाच गोल करतात. तो फरक चूक समजून शोधत बसू नका. दोन मशीनांची उत्तरं ताडताना सापेक्ष फरकाची मर्यादा ठेवा.